चाळिशी ओलांडलेल्या हेवीवेट बॉक्सरसाठी सोळा औंसांचे ग्लोव्ह्ज आणि कापडाच्या कातरणाची पंचिंग बॅग: सहा महिने वापरून

ग्लोव्हवर १६ औंस छापलंय म्हणजे तो १६ औंसांचा असतोच असं नाही. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम. त्या हिशेबाने एक ग्लोव्ह ४५४ ग्रॅम आणि जोडी ९०८ ग्रॅम भरायला हवी. पैसे द्यायच्या आधी शेजारच्या किराणा दुकानात जाऊन इलेक्ट्रॉनिक काट्यावर जोडी ठेवा, कोणी नाही म्हणत नाही. इथे जिच्याबद्दल लिहितोय ती चामडी जोडी ८८६ ग्रॅम भरली, म्हणजे एकेक ग्लोव्ह साडेपंधरा औंसांच्या थोडा वर. एवढा फरक चालतो. त्याच फळीवरची रेक्झिनची स्वस्त जोडी, तोच आकडा छापलेली, ७४४ ग्रॅम निघाली. म्हणजे १३ औंस. कमी पडलेले तीन औंस नुसते चामड्यातून किंवा अस्तरातून गेलेले नसतात, ते मुठीच्या गाठींच्या, म्हणजे बोटांच्या बुडाच्या हाडांच्या, पुढच्या फोममधूनही गेलेले असतात. पंचविशीतला पोरगा हे सहन करून जातो. शंभर किलोच्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाची करंगळीमागची हाडं सहन करत नाहीत.

हे परीक्षण त्याच माणसासाठी आहे. कॉलेजात, पोलिसात नाहीतर लष्करात असताना बॉक्सिंग केलेलं, मग संसार, नोकरी, पोट. आणि आता एखादा जुना जगज्जेता पुन्हा रिंगमध्ये उतरणार अशी बातमी आली की याचीही मूठ शिवशिवते. कोल्हापुरात अशी माणसं कमी नाहीत. तालमीत वाढलेलं शरीर, रुंद मनगट, वजन ९५ च्या पुढे. कुस्ती सुटली तरी अंगातली रग सुटत नाही. त्यांना ‘या वयात कशाला’ म्हणून घरी बसवायचं आमच्या मनात नाही. पण सामान घेताना ते विशीतल्या आठवणीवर घेतात आणि पहिल्या महिन्यातच हात नाहीतर खांदा धरून बसतात. ते टाळता येतं.

हेवीवेट म्हातारा होतो तेव्हा सगळं एकदम जात नाही. आधी पाय जातात, मग समोरचा ठोसा दिसल्यावर डोकं हलवण्याचा वेग जातो, दोन राउंडमधल्या एका मिनिटात दम परत येणं कमी होतं. ठोसा मात्र शेवटपर्यंत राहतो. हीच पंचाईत आहे. मारणारा हात पंचविशीचा आणि तो मार झेलणारं स्वतःचं मनगट, कोपर, खांदा पन्नाशीचा. म्हणून सामान निवडताना ठोसा किती जोरात बसतो हे बघायचं नसतं, आपल्याला उलटा किती बसतो ते बघायचं असतं.

अमेरिकेचा हेवीवेट जगज्जेता जॉर्ज फोरमन याचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धं देतात. ५ नोव्हेंबर १९९४ ला लास व्हेगासमध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याने २६ वर्षांच्या अपराजित जगज्जेत्या मायकेल मूररला दहाव्या राउंडमध्ये आडवा केला. अंगावर चड्डी तीच लाल, वीस वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या किन्शासात मुहम्मद अलीकडून हरताना घातलेली. हे सगळ्यांना पाठ असतं. उरलेलं अर्धं असं की १९७७ ला थांबलेला फोरमन ९ मार्च १९८७ ला परतला तेव्हा १२१ किलोचा होता, आणि तिथून विजेतेपदापर्यंत यायला त्याला साडेसात वर्षं लागली. मध्ये १९९१ ला तेव्हाच्या जगज्जेत्या इव्हँडर होलिफिल्डकडून बारा राउंड खेळून गुणांवर हरला. आणि तो परतला तो वेगळा मुष्टियोद्धा होऊन. दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरून मार अंगावर घ्यायचा, पायांनी पळापळ करायची नाही, हळूहळू पुढे सरकून समोरच्याची रिंगमधली जागा कमी करायची, डाव्या जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या झटपट सरळ ठोशाने, त्याला एका जागी धरून ठेवायचं आणि उजवा सरळ सोडायचा. मूररला लागलेला ठोसा असाच, आखूड आणि सरळ. तोवर तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागे होता. जे गेलं त्याच्यावर त्याने भरवसा ठेवला नाही.

याच्या उलट २ ऑक्टोबर १९८० ची लढत. ३८ वर्षांचा अली तेव्हाच्या जगज्जेत्या लॅरी होम्ससमोर उभा राहिला तेव्हा शरीर दिसायला तरुणपणीसारखं सडपातळ होतं. वजन उतरलं होतं त्यात थायरॉइडच्या गोळ्यांचाही हात होता. दहा राउंड त्याने नुसता मार खाल्ला आणि त्याच्या कोपऱ्यातल्या प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. चौदा वर्षांनी फोरमन जिंकला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात हाच डंडी होता. आरशात पोट आत गेलेलं दिसलं म्हणून तयारी झाली असं समजणाऱ्यांनी ही लढत जरूर पाहावी.

आणि ज्या लढतीने हल्ली तालमी-जिममध्ये सगळ्यात जास्त चर्चा झाली ती १५ नोव्हेंबर २०२४ ची, टेक्सासमधली. जुना जगज्जेता माईक टायसन ५८ वर्षांचा, यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल २७ चा. आठ राउंड, पण तीन मिनिटांचे नाहीत, दोन मिनिटांचे. ग्लोव्ह्ज नेहमीचे १० औंसांचे नाहीत, १४ औंसांचे. एवढी सवलत असूनही सोळा मिनिटांत टायसनने ९७ ठोसे मारले आणि त्यातले १८ लागले. पहिल्या राउंडमध्ये खांदे हलले, जुना टायसन क्षणभर दिसला, तिसऱ्यापासून पाय जागच्या जागी. गुडघ्याला पट्टा होता. व्यावसायिक हेवीवेटचा ग्लोव्ह २८३ ग्रॅमचा असतो, त्या रात्रीचा ३९७ ग्रॅमचा होता. एका बुक्कीला ११४ ग्रॅम जास्त. दमलेल्या खांद्याला हे कळतं. तरीही तो निर्णय बरोबरच होता, कारण त्या ११४ ग्रॅमनी दोघांचेही हात आणि चेहरे वाचवले. सरावाला तुम्ही याहूनही जड, सोळाचेच घ्या, असं सांगण्यामागे हेच कारण आहे.

आता माल.

बनावटीचं नाव देत नाही, कारण मेरठ आणि जालंधरहून एकाच घाटाचा माल निरनिराळ्या शिक्क्यांनी येतो. शिक्का बघू नका, बांधणी बघा. परीक्षणाची जोडी गाईम्हशीच्या चामड्याची, व्हेल्क्रोची, साडेतीन हजारांच्या घरातली. अशा दोन जोड्या, एक ९८ किलोच्या आणि एक ११२ किलोच्या माणसाच्या हातात, आठवड्याला तीन दिवस, सहा महिने.

फोम थरांचा आहे. बाहेर कडक, आत गाठींकडे मऊ. एकसंध साच्यात ओतलेल्या फोमपेक्षा हा जड हातांना बरा, कारण साच्याचा फोम पहिल्या दिवसापासून सारखाच कडक असतो आणि खचला की एकदम खचतो. थरांचा फोम पहिले दोन आठवडे दगडासारखा वाटतो. घाबरू नका, आणि मऊ करायला पायाखाली तुडवू नका, थर सरकतात. हलक्या हाताने सहा-सात सत्रं झाली की तो मुठीच्या आकाराने बसतो. फोम संपला का हे तपासायची सोपी रीत अशी: ग्लोव्ह घालून मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पहिल्या दोन गाठींवर जोर देऊन दाबा. आतल्या गाठीचं टोक अंगठ्याला लागलं तर त्या ग्लोव्हने बॅग मारायची नाही. ९८ किलोवाल्याची जोडी सहा महिन्यांनंतर या परीक्षेत पास झाली. ११२ किलोवाल्याच्या उजव्या ग्लोव्हमध्ये गाठ अगदी ओझरती लागायला लागली आहे. त्याचं अजून दोन महिन्यांचं आयुष्य धरा. या पैशात आणि या वजनाला हे वाईट नाही.

अंगठा कसा शिवलाय हे नीट बघा. अंगठ्याचं टोक मुठीच्या भागाला पट्टीने जोडलेलं हवं, मोकळा अंगठा नको. थकलेला हात हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने घातलेला ठोसा, मारताना मूठ अर्धवट उघडतो, मोकळा अंगठा बॅगेत अडकतो आणि त्याच्या बुडाचा सांधा मुरगळतो. इथे पट्टी आहे, पण हीच या जोडीची सगळ्यात कच्ची जागा. चौथ्या महिन्यात दोन्ही जोड्यांची पट्टीजवळची शिलाई उसवली. जवळून पाहिलं तर कारण दिसतं: यंत्राची शिलाई बारीक, टाके चामड्याच्या कडेला फार जवळ, आणि दोरा साधा सुती. दुकानदाराने ‘वापराने झालंय’ म्हणून हात वर केले. कोल्हापूरकरांना मात्र यासाठी कारखान्याचं तोंड बघायची गरज नाही. पापाच्या तिकटीला चपला शिवणाऱ्या कारागिराकडे ग्लोव्ह घेऊन जा. मेण लावलेल्या नायलॉन दोऱ्याने, आरीने भोकं पाडून, कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत, हाताने दुहेरी टाका मारून द्यायला सांगा. भोकं जुन्या भोकांच्या ओळीत नकोत, नाहीतर चामडं तिकिटासारखं फाटतं. टाक्यांच्या गाठी बाहेरच्या बाजूला ठेवायला लावा, आत राहिल्या तर अंगठ्याची कातडी सोलतात. अशी शिवून आणलेली पट्टी उरलेले दोन महिने एक टाकाही हलली नाही. खरं तर नवी जोडी घेतल्या दिवशीच हे करून घ्यावं.

मनगटाचा पट्टा तीन इंच रुंद आहे, चांगला आहे, पण लांबीला आखूड. ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी बांधल्यावर ज्याच्या मनगटाचा घेर २१ सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्याचा व्हेल्क्रो जेमतेम अर्धा बसतो आणि तिसऱ्या राउंडला सुटतो. तालमीतल्या माणसाचं मनगट हमखास एवढं असतं. त्याच कारागिराकडून व्हेल्क्रोची चार इंच वाढीव पट्टी लावून घेता येते. मग दोरीवाले का नकोत? मनगट दोरीचा ग्लोव्ह जास्त चांगलं धरतो यात वाद नाही, पण बांधायला दुसरा माणूस लागतो, आणि पहाटे पाच वाजता एकट्याने सराव करणाऱ्याला तो कुठून मिळणार?

दुकानात घालून बघताना हाताला पट्टी गुंडाळूनच बघा. बोटांची टोकं वरच्या शिवणीला टेकली पाहिजेत आणि मूठ जोर न लावता मिटली पाहिजे. जपानच्या विनिंगचे ग्लोव्ह्ज हात सांभाळण्यासाठी नावाजलेले आहेत, मेक्सिकोचे क्लेटो रेयेस ठोसेबाजांचे आवडते. पण तुमचा हात जर त्यात नीट मिटत नसेल तर तेही चुकीचेच.

पट्ट्यांवर लोक पैसे वाचवतात आणि तिथेच फसतात. साडेचार मीटरची पट्टी मध्यम हाताला पुरते, जाड हाताला पाच मीटरची घ्या. थोडी ताण घेणारी हवी. पूर्ण सुती पट्टी घामाने सैल पडते, फार रबरी पट्टी रक्त अडवते. नवी पट्टी एकदा धुऊनच वापरा, खळ गेली की ती बसते. अंगठ्यात फास अडकवून हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या, मनगटाला चार वेढे, त्यातला एक तरी मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर. मग गाठींवर चार वेढे, पण बोटं पसरून. मिटलेल्या बोटांवर गुंडाळली तर मूठ वळल्यावर आवळते. त्यानंतर करंगळी-अनामिका, अनामिका-मधलं, मधलं-तर्जनी असं प्रत्येक फटीतून एकदा काढून मनगटाला परत. अंगठ्याला एक वेढा, उरलेली मनगटावर. बोटांची टोकं दोन मिनिटांत थंड किंवा जांभळट झाली तर सोडून पुन्हा गुंडाळा. मुठीने मारताना बरेचदा मोडणारं हाड म्हणजे करंगळीमागचं, आणि ते मोडतं अनेकदा पट्टी सैल असताना घातलेल्या गोल ठोशात, जेव्हा पहिल्या दोन गाठींऐवजी शेवटच्या दोन गाठी आधी टेकतात.

आता बॅग, आणि इथे मात्र कोल्हापूरच्या माणसाचं नशीब चांगलं आहे.

तयार भरलेली बॅग घेऊ नका. दुकानात जी भरलेली मिळते तिच्यात बरेचदा खालच्या फूटभर भागात वाळू किंवा लाकडाचा भुसा असतो. पहिल्या दिवशी ठीक वाटते. महिन्याभरात वाळू खाली बसते, बुडाचा भाग खांबासारखा होतो आणि वर पोकळी. पोटात मारायचा ठोसा तुम्ही नेमका त्या खांबावर मारता. शिवाय भुसा पावसाळ्यात दमट होऊन गोळे धरतो.

चार फूट लांब आणि चौदा इंच व्यासाचं रिकामं कव्हर घ्या, जाड कॅनव्हास किंवा रेक्झिनचं, वर चार कड्या असलेलं. भरायला इचलकरंजीकडचं कापडाचं कातरण. यंत्रमागाच्या गावाचा हा शेजार बॉक्सरला फार उपयोगी आहे. तीस किलोमीटरवर पोत्याने सुती कातरण मिळतं. ते आधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. बटणं, हूक, चेन हाताने वेचून काढा, एक जरी राहिली तरी ती बरोबर गाठीखाली येते. मोठे तुकडे तळहाताएवढे करा. लांब पट्ट्या एकमेकांत गुंततात आणि मध्ये पोकळ्या राहतात.

कव्हर उभं धरायला एक माणूस, भरायला एक. सहा इंचांचा थर टाका आणि मुसळाने ठोका. घरातलं जुनं लाकडी मुसळ यासाठी उत्तम, लोखंडी नको, ते कव्हरला भोक पाडतं. कडेने गोल फिरत ठोका, मग मध्ये. थर अर्धा दबला की पुढचा. वरपर्यंत असेच थर देत जा, दोन माणसांचे दीड-दोन तास. नीट भरलेली अशी बॅग ४२ ते ४५ किलोच्या आसपास भरते, आणि शंभर किलोच्या माणसाला हे वजन बरोबर आहे. साधारण आपल्या वजनाच्या निम्म्याला थोडं कमी. सव्वाशे किलोचा माणूस असेल आणि बॅग फार झुलत असेल तर वाळू सुटी टाकू नका. चार-पाच किलोची वाळू जाड कापडाच्या पिशवीत शिवून ती बॅगेच्या बरोबर मध्यभागी, चहूबाजूंनी किमान चार इंच कातरण राहील अशी बसवा.

तपासणी: मनगटापासून कोपरापर्यंतचा हात सरळ ठेवून निम्म्या ताकदीने मारा. ठोसा दोन-अडीच इंच आत गेला पाहिजे आणि आवाज ‘धप्’ असा यायला हवा. ‘टक्’ आला तर ती जागा कडक आहे. दर तीन-चार महिन्यांनी बॅग उतरवा, वरची पोकळी भरा आणि खालचा तिसरा भाग मोकळा करून पुन्हा ठोका. हे काम आळसाने राहतं आणि मग मनगट दुखतं म्हणून लोक ग्लोव्ह बदलतात.

टांगायची कुठे, याचा विचार बॅगेआधी करा. ४५ किलोची बॅग झुलताना आणि मार खाताना छतावर तिच्या वजनाच्या कितीतरी पट झटके देते. स्लॅबला बारा मिलिमीटरचे चार अँकर बोल्ट आणि लोखंडी प्लेट, एकच हूक नको. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या तुळयांना तर मुळीच टांगू नका; वरून ठणठणीत दिसणारी तुळई आत वाळवीने पोकळ असू शकते. अशा घरासाठी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून स्टँड करून घ्यावा. दोन इंची चौकोनी पाइप, तीन मिलिमीटर जाडीचा, पायथा किमान चार फूट बाय पाच फूट, मागे वाळूची पोती ठेवायला जागा. वेल्डिंग पूर्ण फिरवून घ्या, नुसते ठिपक्यांसारखे टॅक मारून घेऊ नका, आणि रंग लावायच्या आधी प्रत्येक सांधा बघा. साखळी आणि कडीच्या मध्ये फिरकी हवी, नसली तर साखळी पीळ खाते आणि एक दिवस कडी उघडते. स्प्रिंग बसवली तर आवाज कमी होतो. पहाटे शेजाऱ्यांशी संबंध बिघडत नाहीत. उंची अशी ठेवा की बॅगेचा मधला भाग तुमच्या छातीच्या खालच्या कडेला येईल. फार उंच टांगली तर प्रत्येक ठोशाला खांदा वर उचलला जातो, आणि चाळिशीनंतर खांद्याच्या आतले स्नायुबंध असल्या गोष्टीने फाटतात.

वापराची मात्रा विशीतली ठेवू नका. पहिले चार आठवडे निम्म्या ताकदीने, दोन मिनिटांचे चार राउंड, मध्ये पूर्ण एक मिनिट, आठवड्याला तीन दिवस, लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. स्नायू तीन आठवड्यांत तयार होतात, स्नायुबंध आणि हाडं त्यापेक्षा फार सावकाश. दुसऱ्या महिन्यात ताकद येते आणि माणूस तिथेच चुकतो, कारण हात तयार नसतो. दर पंधरवड्याला एक राउंड वाढवा, आठवर थांबा. बॅग चुकून ठोसा हवेत गेला तर तो बॅगेवर बसलेल्या ठोशापेक्षा कोपर आणि खांद्याला जास्त लागतो. म्हणून थकल्यावर अंतर मोजायला डावा जॅब आधी टेकवा, मगच उजवा. हेच फोरमन करायचा. दोरीच्या उड्या हव्याच असतील तर रबरी मॅटवर, बूट घालून, एका मिनिटाच्या वर नाही. फरशीवर ११० किलोच्या माणसाने उड्या मारल्या की टाचेमागची नस बोलायला लागते. तालमीत ज्यांनी बैठका मारल्यात त्यांचे गुडघे आधीच झिजलेले असू शकतात, त्यांनी उड्या सोडून रंकाळ्याभोवती जोरात चालावं. दम त्यानेही येतो.

समोरासमोर खेळायचं असेल, म्हणजे स्पारिंग, तर सामानाच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. हेडगार्डने भुवई फुटणं वाचतं, कान वाचतात. मेंदूला बसणारा हादरा वाचत नाही. गालाचे जाड पॅड असलेलं हेडगार्ड तर बाजूने येणारा हुक दिसू देत नाही, आणि वयाने आधीच नजर मागे पडलेली असते. वय वाढतं तसा मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि कवटीच्या मधल्या शिरा ताणल्या जातात, आणि तरुणाला नुसती डोकेदुखी देणारा फटका वयस्काच्या डोक्यात रक्तस्राव करू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर स्पारिंग नाही, हलकंसुद्धा नाही. बॅगेवर यायच्या आधीही रक्तदाब, ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील तर स्ट्रेस टेस्ट करून घ्या. पूर्वी कधी ठोशाने शुद्ध हरपली असेल, किंवा चष्म्याचा नंबर मोठा असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. अधिकृत हौशी स्पर्धेचं म्हणाल तर आंतरराष्ट्रीय नियमात वरच्या (एलिट) गटाची वयोमर्यादा ४० वर्षांची आहे, तेव्हा चाळिशीपुढच्याला तिथे दार बंद आहे आणि ते योग्य आहे.

दाताचं गार्ड दुकानातलं उकळत्या पाण्यात मऊ करून चावायचं चालेल, पण काढता येणारा एखादा खोटा दात असेल तर तो आधी काढा आणि मग साचा घ्या. दात काढायला विसरलेला माणूस ठोसा खाल्ल्यावर दात गिळू शकतो. सगळ्यात चांगलं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडून माप देऊन करून घेणं.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहावंच लागेल, कारण जून ते सप्टेंबर कोल्हापुरात चामडं टिकवणं हेच एक काम आहे. घामेजलेले ग्लोव्ह्ज स्कूटरच्या डिकीत ठेवू नका; आत पांढरी बुरशी धरते आणि ती अस्तरातून कधी पूर्ण जात नाही. सराव झाला की पट्टा पूर्ण उघडा, कोरड्या फडक्याने आत पुसा, वर्तमानपत्राचा बोळा घाला, अर्ध्या तासाने तो ओला बोळा काढून दुसरा घाला आणि पंख्याखाली तोंड वर करून ठेवा. उन्हात नाही, चुलीजवळ नाही. चामडं तडकतं आणि फोम कडक होतो. बुरशी धरलीच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. खोबरेल तेल लावू नका. चपलेला चालतं म्हणून लोक ग्लोव्हलाही लावतात, पण ते शिवणीतून आत उतरतं, खवट होतं आणि दोरा कमजोर करतं. महिन्यातून एकदा रंगहीन पॉलिश, बोटाच्या पेराएवढं, पुरे. कातरणाच्या बॅगेला आतून प्लास्टिकचा कागद घातलेला असेल तर तिचा दमटपणाचा त्रास निम्मा कमी होतो. ही गोष्ट भरतानाच करावी लागते, नंतर जमत नाही.

ग्लोव्हला पाचपैकी साडेतीन गुण. काट्यावर जवळजवळ खरा उतरला, पण दीड गुण अंगठ्याच्या शिलाईने आणि आखूड पट्ट्याने घालवला. कातरणाच्या बॅगेला पूर्ण पाच. या वजनाच्या, या वयाच्या माणसाला याहून चांगली बॅग कितीही पैसे देऊन तयार मिळणार नाही. दोघांच्या सहा महिन्यांच्या वापरात हाताला दुखापत एकच झाली, तीही पट्टी न गुंडाळता ‘दोनच ठोसे मारून बघतो’ म्हटल्यावर. ज्यांचं वजन ८० च्या आत आहे त्यांनी ही जोडी घेऊ नये, चौदा औंसांची पुरते. ज्यांना मूठ मिटताना आताच गाठी दुखतात त्यांनी आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवावं, ग्लोव्ह नंतर. बाकीच्यांनी मे महिन्यात, कातरण वाळवायला ऊन असतानाच, बॅग भरायला घ्यावी.